गळती थांबली, भांग रुंदावला: एका पेप्टाइड सीरमचं प्रकरण

वरवर पाहता प्रकरण साधं आहे. ३६ वर्षांच्या एका बाईचे केस गळायला लागले. तिने पेप्टाइडचं सीरम आणलं, दोन महिन्यांत गळती थांबली आणि ती खूश झाली. वर्षभराने मात्र आरशात भांग रुंद दिसायला लागला. तिने काढलेला निष्कर्ष असा, की सीरम चांगलं आहे पण जोर कमी पडतोय, आता याहून जास्त पेप्टाइडवालं घ्यायला हवं.

त्या टप्प्यावर ती माझ्याकडे आली. ती माझ्या मैत्रिणीची धाकटी बहीण. केसांच्या प्रसाधनांचं फॉर्म्युलेशन हे माझं काम असल्याने असे प्रश्न येतच असतात. तीन बाटल्यांचे फोटो पाठवून तिने विचारलं, "ताई, यातलं सगळ्यात स्ट्राँग कुठलं?" पहिली बाटली तिची वापरातली, उरलेल्या दोन घ्यायच्या विचारातल्या. तिच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून हे लिहिते आहे.

आधी तारखा

बाटल्यांकडे वळण्याआधी मी तारखा मागितल्या. केस गळायला कधी लागले, त्याआधीच्या तीन-चार महिन्यांत काय घडलं, सीरम कधी सुरू केलं. तिला हे फाटे फोडणं वाटलं असावं, पण उत्तरं मिळाली. जानेवारीत आठवडाभर कडक ताप. एप्रिलच्या सुरुवातीला न्हाताना मूठभर गुंतवळ. मेअखेर सीरम. जुलै संपता संपता गळती पूर्वीसारखी, म्हणजे नगण्य.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले दहापैकी जवळपास नऊ कुठल्याही क्षणी वाढत असतात. ही वाढीची अवस्था दोन ते सहा वर्षं चालते, त्यानंतर केस तीनेक महिने विश्रांतीत जातो आणि गळतो. कडक ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा एकदम केलेली उपासमार असा धक्का बसला, की वाढीतले पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीत ढकलले जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्रच गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. धक्का एकदाच बसला असेल तर ही गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत आपसूक ओसरते. जानेवारीचा ताप, एप्रिलची गळती, जुलैची उसंत: हा हिशोब सीरमशिवायही जुळतो. पाऊस ओसरता ओसरता छत्री उघडावी आणि पाऊस छत्रीने थांबवला म्हणावं, तसं इथे झालं होतं.

मला जास्त रस वाटला तो दुसऱ्याच एका गोष्टीत. सीरम लावण्याआधी ती आठवड्यातून एकदा न्हायची. सीरमने टाळू चिकट वाटायला लागला, म्हणून ती एक दिवसाआड न्हायला लागली. दिवसाला ५० ते १०० केस गळणं सर्वसाधारण समजतात. आठवड्याचे साठलेले केस एका न्हाणीत निघाले तर गुंतवळ भीतिदायक दिसते, तेच तीन-चार न्हाण्यांत विभागले तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत. एकही केस कमी गळला नसता, तरी गुंतवळ निम्म्याहून लहान झालीच असती. केसांच्या उत्पादनांचे अनुभव वाचताना मी आता आधी हेच शोधते, की उत्पादनाबरोबर न्हायची सवय बदलली का. फार कमी लोक हे लिहितात.

"पण पहिल्याच आठवड्यात केस भरदार वाटले होते गं," ती म्हणाली. वाटले असणारच. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे आठवड्यात मुळाशी काही झालं तरी ते डोळ्यांना दिसायला वाव नसतो. आठवड्यात फरक पडतो तो केसाच्या दांड्यात. त्याचं उत्तर बाटलीच्या मागे होतं.

मागची यादी

समोर ठळक अक्षरांत "१०% पेप्टाइड कॉम्प्लेक्स". मागची यादी साधारण अशी: पाणी, ब्यूटिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन, पीपीजी-२६-ब्यूटेथ-२६, पीईजी-४० हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइल, फिनॉक्सिइथेनॉल, डेक्स्ट्रान, एपिजेनिन, ओलिअ‍ॅनोलिक अ‍ॅसिड, ट्रायफोलियम प्रटेन्स फुलांचा अर्क, बायोटिनॉइल ट्रायपेप्टाइड-१, अ‍ॅसिटिल टेट्रापेप्टाइड-३, डायसोडियम ईडीटीए, सुगंध.

हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन म्हणजे तुकडे केलेलं गव्हाचं प्रथिन. ते केसावर पातळ थर धरतं, दांडा किंचित जाड आणि खरबरीत होतो, केस एकमेकांपासून सुटे उभे राहतात. पहिल्या आठवड्यातला भरदारपणा याचा. यात फसवणूक नाही, प्रसाधनाचं हे रास्त काम आहे. फक्त त्याचा समोर मिरवलेल्या पेप्टाइडशी आणि मुळाशी संबंध नाही.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप देताना अशा साखळ्या वापरतात, त्यामुळे बाहेरून तसाच निरोप पोचवता येईल का, हा विचार चुकीचा नाही. कारखान्यात मात्र पेप्टाइड शुद्ध पूड म्हणून क्वचितच येतं. पुरवठादार कंपनी ते द्रावकात विरघळवून, सोबत वनस्पतींचे अर्क घालून, तयार मिश्रण विकते. ही मिश्रणं यादीत ओळखू येतात, कारण त्यांतले घटक जथ्याने हिंडतात. बायोटिनॉइल ट्रायपेप्टाइड-१, एपिजेनिन, ओलिअ‍ॅनोलिक अ‍ॅसिड आणि पीपीजी-२६-ब्यूटेथ-२६ एकत्र दिसले की ते प्रोकॅपिल. अ‍ॅसिटिल टेट्रापेप्टाइड-३, डेक्स्ट्रान आणि ट्रायफोलियम प्रटेन्स, म्हणजे लाल क्लोव्हरचा अर्क, दिसला की कॅपिक्सिल. तिच्या बाटलीत दोन्ही होती.

आता समोरचे ते १०%. ते मिश्रणाचे आहेत, पेप्टाइडचे नाहीत. मिश्रणाचा बहुतांश भाग पाणी आणि ग्लायकॉल असतो, पेप्टाइडचा वाटा त्यात फार थोडा. हिशोबापुरतं धरू, की मिश्रणात दशलक्ष भागांत ५०० भाग पेप्टाइड आहे आणि बाटलीत ते मिश्रण ५% घातलंय. मग सीरमच्या एका ग्रॅममध्ये पेप्टाइड झालं २५ मायक्रोग्रॅम. याउलट मिनॉक्सिडिल या केस उगवण्याच्या औषधाच्या बाटलीवर ५% लिहिलेलं असतं तेव्हा ते खुद्द औषधाचे असतात, एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बाटल्यांवरचे टक्के असे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

यादीतूनही अंदाज येतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, मात्र एक टक्क्याखालचे कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक युरोपीय नियमांप्रमाणे जास्तीत जास्त १% वापरता येतं आणि इतरत्रही बरेच उत्पादक तीच मर्यादा पाळतात. ही मर्यादा पाळली असेल, तर यादीत त्याच्यानंतर आलेलं सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी. तिच्या बाटलीत दोन्ही पेप्टाइडं त्याच्या बरीच खाली होती.

इथवर ऐकून ती म्हणाली, "म्हणजे नुसतं पाणीच विकलं की मला!" नाही, असंही नाही. या रेणूंना मुळात फार मोठी मात्रा लागत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मानवी केसांची फॉलिकलं, म्हणजे केस जिथून उगवतो त्या त्वचेतल्या पिशव्या, शरीराबाहेर बशीत जगवून त्यांना तांब्याशी जोडलेलं एक त्रिपेप्टाइड, एएचके-कॉपर, दिलं होतं. अगदी नगण्य सांद्रतेलाही फॉलिकलं जास्त लांब वाढली. त्या मानाने २५ मायक्रोग्रॅम भरपूर झाले. मात्रेपेक्षा अडचण वाटेची आहे.

बशीतल्या फॉलिकलभोवती द्रावण सगळीकडून असतं. डोक्यावर तसं नसतं. केसाच्या मुळाशी असलेला पेशींचा पुंजका, ज्याला डर्मल पॅपिला म्हणतात, वाढत्या केसात त्वचेच्या पृष्ठभागापासून चारेक मिलिमीटर खाली असतो. वर मृत पेशींचा तेलकट थर. २००० साली बॉस आणि मेनार्डी यांनी मांडलेला ढोबळ नियम असा, की ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) जड रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाहीत. बायोटिनॉइल ट्रायपेप्टाइड-१ साधारण ५६६ डाल्टनचं, अ‍ॅसिटिल टेट्रापेप्टाइड-३ साधारण ५१०. दोन्ही उंबरठ्यावर. त्यातून लायसिन या अमिनो आम्लामुळे ही पेप्टाइडं विद्युतभारित आणि पाण्याकडे ओढ असलेली, तेलकट थराला नकोशी. वाटेत पेप्टाइड तोडणारी विकरंही (एन्झाइम्स) असतात. केसाच्या छिद्रातून थोडी आडवाट मिळते हे खरं, आणि टाळूवर छिद्रं भरपूर असतात. तरीही मुळापर्यंत किती पोचतं हा प्रश्न उत्पादकाने सोडवून दाखवायचा असतो. बहुतेक माहितीपत्रकं तो ओलांडून थेट पेशींच्या प्रयोगांवर येतात.

ग्रोथ फॅक्टरवाल्या सीरमची गत याहून अवघड. यादीत एसएच-ऑलिगोपेप्टाइड-१ असं दिसलं तर तो ईजीएफ, म्हणजे पेशींना वाढीचा निरोप देणारं प्रथिन, सुमारे ६,००० डाल्टनचा. कुणी "पेप्टाइड"च्या नावाखाली हेही खपवत असेल, तर त्या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

पुरावा कुठवर जातो

पुरवठादारांचे दावे थोडक्यात असे: प्रोकॅपिलमधलं पेप्टाइड केसाची मुळाशी पकड सुधारतं, एपिजेनिन रक्तप्रवाह वाढवतं, ओलिअ‍ॅनोलिक अ‍ॅसिड ५-अल्फा रिडक्टेज या, केस बारीक करणारं डीएचटी हे संप्रेरक बनवणाऱ्या, विकराला रोखतं. कॅपिक्सिलबद्दल असंच काहीसं, फक्त विकर रोखायचं श्रेय लाल क्लोव्हरमधल्या बायोकॅनिन ए ला. यातलं बरंचसं पेशींवर किंवा पुरवठादारांनी स्वतः केलेल्या छोट्या चाचण्यांमध्ये पाहिलेलं आहे.

स्वतंत्रपणे उद्धृत करावा असा एक अभ्यास २०२० सालचा. ३२ जणांवर, २४ आठवडे, अ‍ॅसिटिल टेट्रापेप्टाइड-३, बायोकॅनिन ए आणि जिनसेंग यांचं मिश्रण विरुद्ध ३% मिनॉक्सिडिल. दोन्ही गटांत केसांची संख्या वाढली आणि दोघांत लक्षणीय फरक आढळला नाही. जाहिरातींत याचं "मिनॉक्सिडिलइतकंच प्रभावी" होतं. मी हा अभ्यास उडवून लावणार नाही, पण वाचताना चार गोष्टी खटकतात. माणसं थोडी होती, आणि थोड्या माणसांत फरक न सापडणं म्हणजे फरक नसणं नव्हे. नुसतं द्रावक लावलेला गट नव्हता. तुलना प्रचलित ५% शी नव्हती. आणि मिश्रणात तीन घटक असल्याने पेप्टाइडचा वाटा वेगळा काढताच येत नाही. हे शेवटचं जवळपास सगळ्याच पेप्टाइड सीरमना लागू पडतं. पेप्टाइड एकट्याने काय करतं हे पाहायची संधीच कुणी ठेवत नाही.

उरलेल्या दोन बाटल्या

दुसरी निळी होती. कॉपर ट्रायपेप्टाइड-१, म्हणजे जीएचके-कॉपर. हे पेप्टाइड लॉरेन पिकार्ट यांनी १९७३ साली मानवी रक्तद्रवात शोधलं. जखम भरण्याच्या संदर्भात त्यावर खूप काम झालंय, केसांबद्दल त्यामानाने कमी. तांब्यामुळे द्रावण निळं दिसतं हे खरं, पण निळाईवरून मात्रा ठरवू नये. यादीच्या शेवटी सीआय ४२०९० असेल तर तो निळा रंग वेगळा घातलेला आहे. या बाटलीत तो होता. शिवाय तिच्या जुन्या सीरममध्ये ईडीटीए आहे, जे धातूचे आयन पकडून ठेवतं. दोन्ही एकावर एक लावली तर तांबं पेप्टाइडकडे राहील याची खात्री नाही.

तिसऱ्या बाटलीत रेडेन्सिल. दुकानात ती पेप्टाइडच्या फळीवर होती, पण रेडेन्सिल पेप्टाइड नाही. त्यात वनस्पतिजन्य पॉलिफेनॉलची ग्लुकोसाइडं, ग्लायसिन आणि झिंक क्लोराइड असतं.

तेव्हा "सगळ्यात स्ट्राँग कुठलं" याचं उत्तर मी दिलं नाही. त्याआधी भांग का रुंदावतोय हे कळायला हवं होतं, कारण तापानंतरची गळती डोकंभर सारखी असते. तिची विरळता फक्त माथ्यावर होती, मागचे केस दाट. तिच्या जुन्या फोटोंत भांग तापाच्या आधीपासूनच थोडा रुंद दिसत होता. मी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

तपासणी

रक्ततपासणीत एक गंमत झाली, आणि ती केसांच्या गोळ्या खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी. टीएसएच कमी आला, थायरॉइड जास्त काम करत असल्यासारखा. लक्षण मात्र एकही नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, बायोटिन घेता का? ती घेत होती, रोज १० मिलिग्रॅम. अनेक प्रयोगशाळांच्या चाचण्यांत बायोटिन हाच रासायनिक हुक म्हणून वापरलेला असतो, त्यामुळे रक्तातलं जास्तीचं बायोटिन आकडे बिघडवतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. गोळ्या थांबवून काही दिवसांनी पुन्हा तपासलं, टीएसएच व्यवस्थित. तो आकडा तसाच धरला असता तर नसलेल्या आजारामागे धावपळ झाली असती. सीरममधल्या बायोटिनॉइल पेप्टाइडचा इथे दोष नाही, तो सगळा गोळ्यांचा. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, मात्र खरंच कमी होतं, त्यासाठी लोह सुरू झालं.

डर्मोस्कोपखाली, म्हणजे टाळू मोठा करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, माथ्यावरच्या केसांची जाडी एकसारखी नव्हती. जाड केसांमध्ये बारीक, लवेसारखे केस मिसळलेले. जाडीतली ही तफावत २० टक्क्यांहून जास्त केसांत दिसली, की आनुवंशिक विरळतेकडे बोट जातं. निदान झालं: स्त्रियांमधली पॅटर्न विरळता, विरळता किती पुढे गेली हे सांगणाऱ्या लुडविगच्या मोजणीत पहिली, म्हणजे सौम्य पायरी. यात केस एकदम गळत नाहीत, प्रत्येक फेरीत नवा केस आधीच्यापेक्षा बारीक उगवतो. त्यामुळे न्हाणीघरात काहीच दिसत नाही आणि भांग रुंदावत राहतो. तापानंतरच्या गळतीने हे आधीपासून चाललेलं उघडं पाडलं होतं, इतकंच. ज्या गळतीचं श्रेय सीरमला मिळालं ती तशीही थांबणार होती, आणि जी विरळता खरी होती ती सीरम लावत असतानाच पुढे सरकली.

डॉक्टरांनी ५% मिनॉक्सिडिलचा फोम सुचवला. तिला तो नको होता. "एकदा धरलं की सुटत नाही" हे तिने ऐकलं होतं, आणि ते अर्धं खरंच आहे: बंद केल्यावर काही महिन्यांत त्याने मिळवलेलं जातं. पण आनुवंशिक विरळता चालूच राहते म्हणून तसं होतं. पेप्टाइडने काही मिळत असेल तर तेही बंद केल्यावर टिकायचं कारण नाही, फक्त तिथे हा प्रश्न कुणी विचारत नाही. मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं. गोळ्या घेणाऱ्यांना केस यायला लागले म्हणून त्याचा लेप झाला आणि अमेरिकेत पुरुषांसाठी १९८८ मध्ये, स्त्रियांसाठी १९९१ मध्ये मंजूर झाला. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते टाळायला सांगतात. घरात मांजर असेल तर जास्तच जपायचं, कारण मांजरांना ते विषारी आहे. शेवटी ती फोम लावायला तयार झाली. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते, हे तिला आधीच बजावून ठेवलं. नाहीतर बरेच जण नेमके तिथेच सोडून देतात.

पुढे

सीरम बंद करायला मी सांगितलं नाही. त्रास होत नव्हता आणि तिचा त्यावर जीव होता. फक्त तिसरी नवी गोष्ट सुरू करू नको, एवढं म्हटलं. आणि फोटो: कोरडे केस, तोच भांग, तोच दिवा, तेवढंच अंतर, महिन्यातून एकदा. रोज आरशात पाहणाऱ्याला ना सुधारणा दिसते ना घसरण.

सातव्या महिन्यात भांग फोटोंत थोडा अरुंद दिसायला लागला. डर्मोस्कोपखाली बारीक केसांचं प्रमाणही कमी झालं होतं. यात मिनॉक्सिडिल किती, लोह किती, हे सांगता येत नाही. पेप्टाइडचा वाटा शून्य आहे असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण एक गोष्ट करून पाहता येण्यासारखी होती: बाकी सगळं तसंच ठेवून सीरम तेवढं थांबवायचं. हातातली बाटली संपल्यावर तिने ते केलं.

आठ-दहा दिवसांनी फोन आला. "ताई, केस एकदम चपटे झालेत, काम करत होतं ते!" मी तिला गव्हाच्या प्रथिनाची आठवण करून दिली आणि फोटो चालू ठेव म्हटलं. चार महिन्यांनंतरच्या फोटोत भांग होता तेवढाच आहे. मुळांबद्दल पक्कं काही म्हणायला हा काळ थोडा कमी आहे, आणखी दोन-तीन महिन्यांचे फोटो ती पाठवणार आहे. चपट्या केसांसाठी तिने दरम्यान एक साधा व्हॉल्यूम स्प्रे आणला. तो सीरमपेक्षा बराच स्वस्त पडतो, आणि त्याच्या बाटलीवर पेप्टाइडचा उल्लेख नाही.